मामाजींच्या पायांसाठी ढोलकी

जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा माझं माहेर तिरोडा गोंदियाकडे गेलं आणि सासर मोहाडी भंडाऱ्याकडे राहिलं. त्यानंतर तीन-चार वर्षांनी माझ्या सासऱ्यांना कंपवात झाला. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. मामाजी आयुष्यभर विणकर. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग होता. त्या खड्ड्यात पाय सोडून ते सकाळी आठला बसत ते जेवायलाच उठत. कोशाच्या रेशमी साडीचा काठ त्यांच्यासारखा कुणाला जमत नाही, असं गावातले दुसरे विणकरही म्हणत, आणि एका विणकरानं दुसऱ्याला चांगलं म्हणणं ही काही रोजची गोष्ट नाही.

आजार आधी कापडात दिसला. विणताना धागा घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोका सारखा पडेना. साडी उजेडात धरली की कुठं दाट, कुठं विरळ पट्टे दिसत. मामाजींनी ती साडी घडी करून पेटीत ठेवली आणि कुणाला दाखवली नाही. मग उजवा हात मांडीवर असतानाच आपोआप थरथरायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थरथर बरीच कमी झाली. पण वर्षभरात दुसरंच सुरू झालं. पाय अडकू लागले.

ज्यानं हे पाहिलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. मामाजींच्या पायात ताकद होती. खाटेवर बसल्या बसल्या ते पाय उचलून दाखवत. पण चालताना, बहुतेक वेळा दाराशी, पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबत. अंग पुढे जायला निघे आणि पाय मागे राहत. गुडघे बारीक कापत. पाच-पाच, दहा-दहा मिनिटं तसंच. “चला मामाजी” म्हटलं की ते आणखीच घट्ट होत. एकदा माझ्या नवऱ्यानं घाईत त्यांचा हात धरून ओढलं आणि मामाजी सरळ तोंडावर पडले. भुवईवर चार टाके पडले. नवरा दोन दिवस जेवला नाही.

त्यानंतर मामाजी खाटेवरून उठायचंच टाळू लागले. न्हावी घरी येऊ लागला. त्यांचं बोलणंही कमी झालं. या आजारात चेहरा सपाट होतो, हसू दिसत नाही की राग दिसत नाही. त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय ते कळायला काही मार्गच उरला नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा दिवसभर कापडाच्या दुकानात. घरात आम्ही दोघंच, आणि सासरा-सुनेनं जेवढं बोलायची रीत आहे त्याहून कमी बोलणारे.

मामाजींचा एक मित्र होता. आंबागड हे मामाजींचं आजोळ, आणि हा मित्र तिथला शेतकरी. मी त्यांना काकाजी म्हणत असे. तिथल्या किल्ल्याच्या खालच्या बाजूला त्यांची धानाची शेती होती. शेतीचं काम नसे तेव्हा जंगलातून चारोळी, टेंभराची फळं आणून बाजारात विकत. तुमसरचा बाजार त्यांना जवळ, तरी ते मोहाडीच्याच बाजाराला येत, कारण बाजार आटोपला की आमच्या ओसरीवर बसता येई. तरुणपणी दोघं एकाच दंडारीत होते. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाच-गाण्याचा खेळ. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, तेव्हा दिवसाउजेडी दंडारी होतात. काकाजी ढोलकी वाजवत आणि मामाजी नाचणाऱ्यांच्या रांगेत असत. लग्न झालं, मागाचं काम अंगावर पडलं आणि मामाजींचा नाच सुटला. काकाजींची ढोलकी मात्र सुटली नाही.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत काकाजींना दोन महिने यायला जमलं नव्हतं. ते आले त्या दुपारी मामाजी मागच्या वाडीतून आत येताना उंबरठ्याशी अडकले होते. मी धुणं वाळत घालता घालता तशीच येऊन त्यांच्या हाताला धरून उभी होते. काकाजींनी टोपली ओसरीवर ठेवली आणि आत आले.

“काहून बे, दारात कायले उभा हायेस?”

“पाय नाही येऊन राहिले,” मामाजी खाली बघत म्हणाले.

मी जरा पुढे ओढायला गेले तशी काकाजी म्हणाले, “थांब सुनबाई. ओढू नोको त्याले.”

ते मामाजींच्या पायांकडे बघत राहिले. मग कोपऱ्यातली धान मोजायची पायली उचलली, पालथी करून काखेत धरली आणि बोटांनी वाजवायला लागले. धिन् तक, धिन् तक. अगदी हळू. तीन-चार वेळा झालं असेल, मामाजींचा उजवा पाय उचलला गेला. उंबरठ्याच्या आत पडला. मग डावा. काकाजी वाजवत मागे मागे सरकत होते आणि मामाजी त्यांच्यासमोर चालत येत होते. स्वयंपाकघर ओलांडून, मधली खोली ओलांडून खाटेपर्यंत. काकाजींचा हात थांबला तसे मामाजीही थांबले, वळले आणि बसले.

माझ्या हातात ओलं लुगडं होतं, ते मी तसंच धरून उभी. “काकाजी, हे कसं केलं तुमी?”

“म्या काय केलं? याचे पाय मले ठाऊक हायेत. बोलून कधीच ऐकले नाही. वाजवून ऐकतेत.”

मामाजींचा चेहरा सपाटच होता. पण त्यांनी जिभेनं दोनदा ओठ ओले केले. पुढे मला कळलं की त्यांना आनंद झाला की ते असं करतात. त्या दिवशी फक्त काकाजींना ते कळलं असावं, कारण ते हसले.

काकाजी दोन दिवस राहिले. त्या दोन दिवसांत मामाजी घरभर फिरले. पण शेतावर पाणी बघायला कुणी नव्हतं, त्यांना जाणं भाग होतं. मग मी माझ्या डोक्यानं उपाय शोधले. मला वाटलं, विणकराचे पाय, त्यांना मागाचा ठोका ओळखीचा असणार. शेजारी माग चालू असायचा. तो ऐकू येईल अशा बाजूला मामाजींना उभं केलं. पाय उचललेच नाहीत, उलट ते खाली बसायला लागले. मागाचा आवाज आला की बसायचं, हेच त्यांच्या अंगाला माहीत होतं. माझा अंदाज पार चुकला.

मग नवऱ्यानं टेपरेकॉर्डर काढला. पुढच्या बाजाराच्या दिवशी काकाजींची ढोलकी कॅसेटमध्ये भरली. तिनं काम केलं, पण सरळ रस्त्यापुरतं. वळणावर मामाजींना वेळ लागे, तोवर कॅसेट पुढे निघून जाई आणि पाय पुन्हा घट्ट होत. मी काकाजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “कॅसेटले डोळे कुठं हायेत? पाय पाहून वाजवा लागते. तू शिक.”

“मी?”

“तूच. पोरगा तर दुकानात राहते. अन् त्याले ताल नाही, त्याच्या लग्नात पाह्यलं म्या.”

माहेरी लग्नाकार्यात बायकांमध्ये बसून मी ढोलक वाजवली होती. पण दंडारीची ढोलकी पुरुषांची. डोक्यावर पदर घेतलेल्या सुनेनं ती गळ्यात अडकवायची, ही गोष्टच मला पटेना. मामाजींना तर त्याहून नाही. ते दोन दिवस माझ्या हातचा चहा न पिता सरकवून ठेवत होते. शेवटी पुढच्या बाजाराच्या दिवशी काकाजींसमोर बोलले.

“सुनेनं ढोलकी वाजवावी अन् मी तिच्या तालावर चालावं? लोक काय म्हणतीन?”

“लोक म्हणतीन, तो बुढा चालून राहिला. याच्यात खोटं काय हाये?”

मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, “पयले घरातच वाजव.”

असं शिक्षण सुरू झालं. बाजाराच्या दिवशी काकाजी येत, ओसरीवर ढोलकी माझ्या पुढ्यात ठेवत आणि आपण मांडीवर वाजवून दाखवत. गुरुजी होणारा माणूस नव्हे तो. एकदा वाजवून दाखवायचं आणि मग गप्प बसायचं, एवढीच त्यांची पद्धत. मी चुकले की ते रागवत नसत, फक्त मान दुसरीकडे वळवत. त्याचीच मला जास्त लाज वाटे. पहिल्या महिन्यात बोटांची टोकं सुजली. भाकरी थापताना कळ यायची. पण मुख्य अडचण बोटांची नव्हतीच. मी माझ्या हातांकडे बघत होते.

“पायाकडे पाह्य,” काकाजी म्हणायचे. “हात आपलं आपलं शिकते. त्याचा पाय निघाच्या थोडं आधी ठोका पडला पायजे. मागून पडला तर काही कामाचा नाही.”

थोडं आधी म्हणजे किती, हे त्यांना सांगता येत नव्हतं. मामाजींच्या पायांकडे रोज बघत बघत मला ते कळायला लागलं. पाय निघण्याआधी टाच किंचित हलकी होते. ती दिसली की वाजवायचं. दार आलं की ठोका जरा जड करायचा. वळताना वेग कमी करायचा, पण ताल सोडायचा नाही. पंधरा वर्षं ज्या माणसाला मी वाढलं, ज्याचे कपडे धुतले, त्याच्याकडे मी इतकं नीट कधीच पाहिलं नव्हतं.

तीन महिन्यांनी एका सकाळी मामाजी म्हणाले, “दाढी कराले जाऊ म्हणतो. दुकानात.”

न्हाव्याचं दुकान चौकात. आमच्या घरापासून दोन गल्ल्या आणि एक छोटा पूल. मी पदर खोचला, ढोलकीचा पट्टा गळ्यात घातला आणि आम्ही निघालो. नळावर बायका होत्या. एक म्हातारी शेजारीण म्हणाली, “काहून वं, लगन हाये का कोणाचं?”

“नाही जी. मामाजी दाढीले चालले.”

तिनं घागर नळाखालून बाजूला घेतली, पाणी वाया जात राहिलं तरी तिथंच उभी राहून बघत राहिली. माझे कान तापले होते. पुलावर रस्ता अरुंद होतो. तिथं एक सायकल समोरून आली, मी घाबरले आणि हात भराभर चालायला लागले. मामाजी थांबले. गुडघे कापायला लागले. मला वाटलं, आता इथंच पडतील, सगळ्यांसमोर.

“हळू,” मामाजी म्हणाले. “घाई करून राहिलीस तू.”

आयुष्यात पहिल्यांदा ते मला काही शिकवत होते, आणि आवाजात चीड नव्हती. मी ठोका सावकाश केला. टाच हलली. आम्ही पूल ओलांडला.

न्हाव्याच्या दुकानात चार-पाच माणसं पेपर वाचत बसली होती. सगळ्यांनी पेपर खाली घेतले. न्हाव्यानं खुर्ची पुसली, मामाजी बसले, त्यानं पांढरा कपडा झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधला आणि म्हणाला, “लय दिवसानं आलात.” एवढंच. मग माणसं धानाच्या भावाबद्दल बोलायला लागली. मी बाहेर बाकड्यावर ढोलकी मांडीवर घेऊन बसले. आत मामाजींचा आवाज ऐकू आला. ते कुणाला तरी यंदाच्या पावसाबद्दल विचारत होते. घरी ते दिवसभरात एवढं बोलत नसत.

पुढे गावाला सवय झाली. मी ढोलकी घेऊन निघाले की लोक आपोआप बाजूला होत.

भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात एक तरुण बाई व्यायाम शिकवायला होत्या. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाठवलं. मी भीत भीतच त्यांना ढोलकीचं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, “दाखवा.” लांब व्हरांड्यात मामाजी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मग त्यांनी मला बसवून समजावलं. चालणं आपोआप सुरू करणारी मेंदूतली वाट या आजारात बिघडते. बाहेरचा ताल मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेनं पायांपर्यंत पोचतो. “यानं आजार थांबणार नाही,” त्या स्पष्ट म्हणाल्या. “गोळ्या एक दिवसही चुकवू नका. पण हे चालले नसते तर आतापर्यंत अंथरुणाला लागले असते. तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

मी सांगितलं, आंबागडच्या एका शेतकऱ्यानं. त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

काकाजींना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते थोडे गोंधळले. मेंदूचं त्यांना पटलं की नाही, कोण जाणे. “वाट बिघडली हे मले मालूम होतं,” ते म्हणाले. “दुसरी वाट हाये हे त्या बाईनं बरं सांगितलं.” त्या बाईंच्या सांगण्यावरून मी दवाखान्यात आणखी दोन रुग्णांसमोर वाजवून पाहिलं. एका भजनी म्हाताऱ्याचे पाय लगेच निघाले. दुसऱ्या रुग्ण एक बाई होत्या, त्यांना काहीच फरक पडला नाही, उलट आवाजानं त्यांचं डोकं दुखलं. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही, तसंच हे.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर काकाजींनी आम्हाला आंबागडच्या मंडईला बोलावलं. तुमसरहून चिखल्याकडे जाणाऱ्या जीपनं आम्ही फाट्यापर्यंत गेलो, तिथून बैलगाडीनं. किल्ल्याच्या पायथ्याशी मोकळ्या जागेत दुकानं लागली होती, उसाचे भारे, फुगे, जिलेबीची कढई. दंडार दुपारी सुरू झाली. काकाजी साठी उलटून गेलेले, पण ढोलकी गळ्यात घातली की त्यांची पाठ सरळ होई. नाचणारे सगळे तरुण होते, हातात टिपऱ्या, पायात घुंगरं.

मामाजी पुढच्या चटईवर बसले होते. पहिला फेर झाला. दुसरा सुरू होताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं आणि उठले. मी ढोलकीसाठी हात पुढे केला तर म्हणाले, “तू बस. तो हाये ना.”

काकाजींनी त्यांना येताना पाहिलं आणि ताल किंचित संथ केला. बाकीच्या नाचणाऱ्यांना ते कळलं. त्यांनी रांगेत एक जागा मोकळी केली. मामाजी त्या जागेत उभे राहिले. आणि नाचले. घरात उंबरठा ओलांडायला ज्यांना माझी गरज लागे ते दोन पावलं पुढे, एक मागे, अर्धी गिरकी, पुन्हा दोन पुढे असे सगळ्यांबरोबर एक पूर्ण फेर फिरले. हात फारसे उठत नव्हते. पण पायांची एकही चूक झाली नाही. माझ्या नवऱ्यानं त्यांना नाचताना कधीच पाहिलं नव्हतं. तो तोंडावर रुमाल धरून बसला.

फेर संपल्यावर काकाजी मामाजींना धरून चटईवर घेऊन आले. दोघंही धापा टाकत होते. काकाजी म्हणाले, “डावा पाय जरा मागं राहून राहिला तुया.”

“तो तवाबी राहात होता,” मामाजी म्हणाले आणि ओठ ओले केले.

त्यानंतर मामाजी पाच वर्षं जगले. त्यातली चार वर्षं ते चालले. शेवटच्या वर्षी टाच हलकी होईनाशी झाली. मी वाजवत राहायची आणि पाय जागचे हलत नसत. माझं काही चुकतंय असं वाटून मी काकाजींना निरोप पाठवला. ते आले, स्वतः वाजवून पाहिलं आणि ढोलकी खाली ठेवली. “तुयं काही चुकलं नाही,” म्हणाले. मग खाटेच्या पाटीवर दोन बोटांनी हळूहळू वाजवत बसले. मामाजींचे डोळे मिटलेले होते, पण पांघरुणावरचं बोट त्या तालाला हलत होतं. काकाजी त्या वर्षी शेतीची कामं सोडून दर आठवड्याला आले. मी त्यांना एकदा म्हटलं, तुम्ही आमच्यासाठी किती केलंत. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी चुकले की वळवत तशीच.

मामाजी गेल्यानंतर साधारण वर्षानं भंडाऱ्याच्या त्या बाईंनी एका मुलीला माझ्याकडे पाठवलं. तुमसरकडची होती. वडलांचे पाय अडकतात, म्हणाली. वडील तरुणपणी लग्नांत सनईबरोबर संबळ वाजवत. मी तिला ओसरीवर बसवलं. तिला वाटलं होतं मी एखादा व्यायाम सांगेन. मी ढोलकी तिच्या पुढ्यात ठेवली तेव्हा ती संकोचली.

“मले नाही येत जी हे.”

“मलेही येत नव्हतं,” मी म्हटलं. “तुझ्या बाबाचा कोणता पाय आधी निघते?”

तिला ते सांगता येईना. मी म्हटलं, आधी ते बघून ये, मग शिकवते. ती थोडी हिरमुसली होऊनच बस पकडायला गेली. पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी ती परत आली, आणि ओसरीवर चढायच्या आधीच म्हणाली, “डावा.”